धुराच्या काळेपणाचे दृष्टिमापन आणि रत्नागिरी

इ. स. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे होत; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. खानेसुमारीच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे इ. स. १९१२ मध्ये, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने धुराच्या उपद्रवाचा कायदा संमत केला. या दोन घटनांचा परस्परसंबंध सहसा कोणी लावीत नाही, आणि कायद्याच्या इतिहासात तो लावण्याचे कारणही पडले नाही. तथापि मुंबईच्या धुराड्यांचा धूर ज्यांच्या कष्टांतून निघाला त्यांतील फार मोठा वर्ग ज्या किनारपट्टीवरून आला, त्या किनारपट्टीवर स्वतःचे असे एकही मोठे धुराडे पुढे कित्येक दशके उभे राहिले नाही. रत्नागिरीच्या बंदरावर दिसे तो धूर आगबोटीचा. क्षितिजावर त्याची रेघ उमटली की बोट आली हे कळे, आणि तो काळा आहे की करडा याची चिकित्सा करण्याचे कोणास प्रयोजन नसे. पुढे रत्नागिरीच्या दारी धुराडी आली तेव्हा मात्र धुराच्या मोजणीचा प्रश्न तेथे निराळ्याच स्वरूपात उपस्थित झाला. तो का, हे समजून घेण्यासाठी डोळ्यांनी धूर मोजण्याच्या पद्धतीचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

इ. स. १८६३ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बंगालमध्ये कलकत्ता व हावडा या शहरांसाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने सोड्याच्या कारखान्यांविषयीचा ‘अल्कली कायदा’ केला. पहिल्याचा रोख शहरावर पसरणाऱ्या, कपडे व भिंती मळविणाऱ्या, डोळ्यांना सलणाऱ्या काळ्या धुरावर होता. दुसऱ्याचा रोख निराळा होता. लेब्लांक पद्धतीने सोडा तयार करताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू मोठ्या प्रमाणात हवेत सुटे व आसपासची शेते, कुंपणे आणि झाडे जळून जात. त्यामुळे जमीनदारवर्गाने ओरड केली आणि या वायूपैकी निदान ९५ टक्के भाग कारखान्यातच पाण्यात विरवून धरला पाहिजे असा दंडक घालण्यात आला. त्याची तपासणी करावयास रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ पहिले निरीक्षक म्हणून नेमले गेले. इ. स. १८७४ च्या सुधारणेने तर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या दर घनफुटात हे आम्ल एक-पंचमांश ग्रेनहून अधिक नसावे अशी संख्यात्मक मर्यादाच घालून दिली. येथे निरीक्षकाला डोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता. त्याला वायू नळीत ओढून घेऊन त्याचे पृथक्करण करावे लागे.

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन परंपरांपैकी पहिली हिंदुस्थानात रुजली, दुसरी रुजली नाही. याचे कारण उघड आहे. येथील राज्यकर्त्यांना सलत होता तो कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांचा, आगबोटींचा व तागाच्या कारखान्यांचा धूर. रासायनिक कारखाने मोठ्या प्रमाणावर नव्हतेच. शिवाय पिकाची नुकसानी झाल्यास पार्लमेंट हलविणारा जमीनदार येथे नव्हता.

परंतु डोळ्यांवर विसंबावयाचे म्हटले तरी दोन माणसांच्या डोळ्यांत एकवाक्यता कशी आणावी? इ. स. १८६३ च्या कलकत्ता कायद्याची खरी अडचण हीच होती. एकाला ‘दाट’ वाटणारा धूर दुसऱ्याला ‘सामान्य’ वाटे आणि न्यायाधीशापुढे दोघांच्याही शब्दाला सारखेच वजन असे. यावर तोडगा निघाला तो पॅरिसमध्ये. मॅक्सिमिलियन रिंगेलमन (१८६१–१९३१) हे शेतीयंत्रांचे अभ्यासक व प्राध्यापक. दोर ओढणाऱ्या माणसांची संख्या वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो, हा मानसशास्त्राच्या पुस्तकांत आढळणारा शोध याच गृहस्थाचा. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात धुराच्या छटांचे एक पत्रक तयार केले. विल्यम केंट या अमेरिकन अभियंत्याने इ. स. १८९७ मध्ये ते एका अमेरिकन अभियांत्रिकी नियतकालिकातून प्रसिद्ध केल्यावर त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

या पत्रकाची रचना इतकी साधी आहे की कोणत्याही छापखान्यात ते छापता येते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावयाची आणि दोन रेघांच्या मध्यांतील अंतर सर्वत्र १० मि. मी. ठेवावयाचे, बदलते ती फक्त रेघेची जाडी. पहिल्या क्रमांकाच्या जाळीत रेघ १ मि. मी., दुसऱ्यात २.३, तिसऱ्यात ३.७ आणि चौथ्यात ५.५ मि. मी. जाड असते. शून्य क्रमांक म्हणजे कोरा कागद व पाचवा म्हणजे संपूर्ण काळा. मध्ये उरणाऱ्या पांढऱ्या चौकोनाची बाजू पहिल्या जाळीत ९ मि. मी. होते, म्हणजे शंभर चौरस मिलिमीटरांपैकी ८१ पांढरे व १९ काळे. दुसऱ्या जाळीत हाच हिशेब ७.७ चा वर्ग, म्हणजे ५९ पांढरे व ४१ काळे असा येतो. तिसऱ्यात सुमारे ६० आणि चौथ्यात सुमारे ८० भाग काळे येतात. अशा रीतीने प्रत्येक पायरीला काळेपणा स्थूलमानाने वीस टक्क्यांनी वाढतो. ही पत्रके निरीक्षकापासून सुमारे पन्नास फुटांवर, धुराड्याच्या दिशेने टांगली की रेघा डोळ्याला वेगळ्या दिसेनाशा होऊन एकसारखी करडी छटा दिसू लागते. मग धुराड्याच्या तोंडाशी दिसणारी छटा यांतील कोणत्या छटेशी जुळते ते पाहून क्रमांक टिपावयाचा. रंगीत छपाईतील शाईच्या फरकाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण करडी शाई मुळी वापरलेलीच नाही. करडेपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. या युक्तीचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

इ. स. १९१० मध्ये बॉस्टन शहराच्या धूरविषयक कायद्यात या पत्रकाला अधिकृत स्थान मिळाले. हिंदुस्थानात त्याच्या आधीच पावले पडली होती. कलकत्त्याच्या धुराची पाहणी करण्यासाठी लीड्सचे अभियंते फ्रेडरिक ग्रोव्हर यांना विसाव्या शतकाच्या आरंभी पाचारण करण्यात आले, व त्यानंतर इ. स. १९०५ मध्ये बंगालचा नवा धूर-उपद्रव कायदा झाला. ठरावीकाहून अधिक दाट, ठरावीकाहून कमी उंचीवरून किंवा ठरावीकाहून अधिक वेळ धूर सोडणे हा गुन्हा, असे तीन निकष त्याने घातले आणि त्यांचे तपशील नियमांवर सोपविले. कायद्याच्या अंमलासाठी स्वतंत्र आयोग व निरीक्षक नेमले गेले आणि रिंगेलमनच्या श्रेणींनी धुराची नोंद होऊ लागली. मुंबईचा १९१२ चा कायदा याच नमुन्यावर बेतलेला आहे. त्यातही आयोग आहे, निरीक्षक आहेत, विटांच्या व चुन्याच्या भट्ट्यांना ठरावीक क्षेत्रात बंदी करण्याचा अधिकार आहे. घरगुती चूल मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. चाळीचाळींतून सकाळ-संध्याकाळ उठणारा शेगड्यांचा धूर त्यामुळे कधीच कोणत्याही श्रेणीत बसला नाही. गिरणीकामगाराच्या बायकामुलांच्या छातीत तो किती गेला असेल हा हिशेब कोणी मांडला नाही.

दंड मालकाला होई. परंतु धुराड्याच्या तोंडाशी दिसणारा क्रमांक ठरविणारा माणूस म्हणजे तळाशी फावडे घेऊन उभा असलेला आगवाला. दगडी कोळसा जाळाच्या थरावर पडला की प्रथम त्यातील ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली तर ते जळून जातात, न मिळाल्यास त्यांतील कार्बन काजळीच्या रूपाने सुटतो. एकदम पुष्कळ फावडी कोळसा घातला की भट्टी थंडावते, हवा अपुरी पडते आणि काही मिनिटे धुराडे काळे ओकते. थोडा थोडा कोळसा वारंवार घातला तर तोच कोळसा, त्याच भट्टीत, फारच कमी धुराने जळतो. म्हणजे निरीक्षकाच्या वहीतील चार क्रमांकाची नोंद ही पुष्कळदा आगवाल्याच्या विश्रांतीची नोंद असे: वारंवार फावडे मारण्यापेक्षा एकदाच भट्टी भरून चार क्षण दाराबाहेर श्वास घ्यावा, इतकीच त्याची इच्छा. बंगालमध्ये निरीक्षकांनी आगवाल्यांना जाळ घालण्याची रीत शिकविण्यावर भर दिला तो याचमुळे.

मुंबईचा धूर पुढे उतरला त्याचे श्रेय एकट्या या कायद्याला देणे धाडसाचे ठरेल. इ. स. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीची वीज १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ लागली, आणि ज्या गिरण्यांनी वाफेची इंजिने सोडून ही वीज घेतली त्यांचा त्यापुरता कोळसा वाचला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाने जे साधले ते पत्रक हातात धरून साधण्यासारखे नव्हते, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

आता या मापनाच्या मर्यादांकडे वळले पाहिजे, कारण रत्नागिरीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. रिंगेलमन-क्रमांक हे धुरातील काजळीच्या वजनाचे माप नव्हे. प्रकाश किती अडला एवढेच तो सांगतो. समजा, एका धुराड्याच्या तोंडाचा व्यास एक मीटर आहे व त्यातील धूर ४० टक्के प्रकाश अडवितो, म्हणजे तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नेमका त्याच घनतेचा धूर दोन मीटर व्यासाच्या धुराड्यातून निघाला तर पहिल्या मीटरातून ६० टक्के प्रकाश पार होईल व दुसऱ्या मीटरातून त्याच्या ६० टक्के, म्हणजे एकूण ३६ टक्के. अडलेला प्रकाश ६४ टक्के भरेल आणि तोच धूर तिसऱ्या क्रमांकाच्याही पुढे गेलेला दिसेल. उलट, त्याच धुराड्यात जास्तीची हवा मिसळून धूर पातळ केला तर क्रमांक उतरेल, परंतु शहरावर पडणारी काजळी तोळाभरही कमी होणार नाही. कणांच्या आकाराचीही यात भर पडते: प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या घरातले कण वजनाच्या मानाने फार प्रकाश अडवितात, आणि मोठी राख वजनाने पुष्कळ असूनही तितकी डोळ्यात भरत नाही.

सूर्य कोठे आहे, पाठीमागे आकाश आहे की डोंगर, यांवरही छटा बदलते. काळ्या धुरासाठी केलेले हे माप पुढे पांढऱ्या धुराला लावण्याचा प्रयत्न लॉस एंजेलिसमध्ये झाला. धुरामागची वस्तू जितकी झाकली जाईल त्यावरून ‘तुल्य अपारदर्शकता’ ठरवावी, असे कॅलिफोर्नियाच्या १९४७ च्या कायद्याने मानले. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धूरधुक्यानंतर आलेल्या १९५६ च्या कायद्याने ‘गडद धूर’ म्हणजे रिंगेलमनच्या दुसऱ्या छटेइतका किंवा तिच्याहून काळा धूर, अशी व्याख्या केली. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने १९७४ मध्ये सुधारून निश्चित केलेल्या ‘पद्धत ९’ मध्ये पत्रक हातातून गेले, डोळा राहिला. निरीक्षकाने सूर्य पाठीमागच्या १४० अंशांच्या टापूत ठेवून उभे राहावे, दर १५ सेकंदांनी एक याप्रमाणे नोंदी घ्याव्यात व सलग २४ नोंदींची सरासरी काढावी, असा तिचा दंडक आहे. निरीक्षकाची परीक्षा दर सहा महिन्यांनी होते. पंचवीस काळे व पंचवीस पांढरे धूर त्याला दाखविले जातात. एकाही वाचनात १५ टक्क्यांहून अधिक चूक चालत नाही व प्रत्येक गटातील सरासरी चूक साडेसात टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कागदाचे प्रमाणीकरण झाले होते, आता माणसाच्या डोळ्याचे झाले. धुरात पाण्याची वाफ असेल तर ती जेथे विरून गेली असेल त्या जागी, अथवा ती थिजण्यापूर्वीच्या जागी वाचन घ्यावे, हीही अट आहे. कोकणात मृगापासून पुढे आकाश भरलेले, हवा पाण्याने तुडुंब. अशा हवेत वाफेचा पांढरा पट्टा दूरवर विरतच नाही आणि करड्या ढगापुढे करडा धूर ओळखूही येत नाही. वर्षातले चार महिने अशा निरीक्षकाला तेथे बहुधा हात जोडून बसावे लागेल.

याहूनही मूलगामी मर्यादा अशी की वर्णहीन वायूला कोणताच क्रमांक नाही. सल्फर डायऑक्साइड डोळ्याला दिसत नाही. आणि आंब्याशी या गोष्टीचा संबंध रत्नागिरीत कारखाने येण्यापूर्वीच उत्तर हिंदुस्थानात उघड झाला होता. फळाचे टोक काळे पडून ते कुजल्यासारखे होण्याचा विकार वुडहाऊस यांनी इ. स. १९०९ मध्ये बिहारातून नोंदविला. विटांच्या भट्ट्यांच्या आसपासच्या बागांतच तो आढळतो, यावरून रोगजंतूंऐवजी भट्टीच्या वायूंवर संशय आला. श्रीरंजन व झा यांनी १९४० च्या सुमारास सल्फर डायऑक्साइड व एथिलिन या वायूंचे आंब्याच्या फळावरील परिणाम प्रयोगाने तपासले. भट्टी बागेपासून दूर न्यावी, धुराडे उंच करावे, झाडावर टाकणखाराचा फवारा मारावा, असे उपाय या विकारावर सुचविले गेले. १९१२ च्या कायद्याने विटांच्या भट्ट्या शहराच्या हद्दीबाहेर घालविण्याची सोय केली होती. ती शहराच्या हिताची होती. हद्दीबाहेरच्या बागेचे काय, हा प्रश्न त्या कायद्याच्या चौकटीत येत नव्हता.

रत्नागिरी शहरालगतच्या औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्ध करण्याचा कारखाना १९९२ च्या सुमारास उभा राहू लागला तेव्हा आंबा-बागाईतदार व मच्छीमार विरोधात उतरले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा समजण्यास थोडा हिशेब पुरेसा आहे. तांब्याच्या प्रमुख खनिजात तांब्याच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात. तांब्याच्या अणूचे वजन ६३.५ व गंधकाच्या दोन अणूंचे ६४. म्हणजे एक टन तांब्यामागे जवळजवळ एक टन गंधक, आणि तो जळून सुमारे दोन टन सल्फर डायऑक्साइड. हा वायू पकडून त्याचे गंधकाम्ल करतात हे खरे. परंतु शंभरातला एक भाग जरी निसटला तरी टनामागे वीस किलो वायू समुद्रवाऱ्यावर स्वार होऊन कलमांच्या बागांकडे जाणार, आणि हापूसचा मोहोर येतो तो नेमका दव पडण्याच्या दिवसांत. यंत्रणा नीट चालत असता धुराड्यावर काही दिसणार नाही. ती बिघडली तरी जे दिसेल त्यावरून निसटलेल्या वायूचे मान कळणार नाही. रिंगेलमनच्या भाषेत दोन्ही प्रसंगी क्रमांक शून्याच्या आसपासच. बागाईतदारांनी म्हणूनच धूर निघण्याची वाट पाहिली नाही. १९९३ मध्ये आंदोलन तीव्र झाले, जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबविण्यास कळविले, आणि कारखाना पुढे तमिळनाडूतील तुतिकोरीन येथे गेला. तेथेही वायूच्या तक्रारी झाल्या. मे २०१८ मधील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मृत्युमुखी पडली व राज्य सरकारने तो कारखाना बंद केला. रत्नागिरीने आपला प्रश्न सोडविला की तो दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवला, याविषयी मतभेद होऊ शकतो.

जयगडला मात्र धुराडे उभे राहिले. ३०० मेगावॉटचे चार संच असलेले तेथील औष्णिक वीजकेंद्र २०१०–११ मध्ये कार्यान्वित झाले. त्याला परवानगी देताना आंब्यावरील परिणामांचा पुरेसा विचार झाला किंवा नाही, हा वाद २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, व दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अभ्यासाला त्यात महत्त्व आले. आश्चर्य वाटेल, परंतु देशातील औष्णिक केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला डिसेंबर २०१५ पर्यंत संख्यात्मक मर्यादाच नव्हती. होता तो केवळ धुराड्याच्या उंचीचा नियम. ताशी निघणाऱ्या वायूच्या किलोंचा ०.३ घात घेऊन त्यास १४ ने गुणावे, ती मीटरांतील उंची. ताशी हजार किलो वायू असेल तर सुमारे १११ मीटर. मोठ्या संचांना २२० किंवा २७५ मीटर ठरवून दिलेले. वायू कमी करावयाचा नव्हता, वर न्यावयाचा होता. १९१२ च्या कायद्यातील ‘कमी उंचीवरून’ या निकषाचीच ही दूरची वंशावळ म्हणावी लागेल. २०१५ च्या अधिसूचनेने जयगडसारख्या, २००४ ते २०१६ या काळातील ५०० मेगावॉटहून लहान संचांना दर घनमीटरला ६०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तिची मुदत वारंवार पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूटही मिळाली.

दृष्टिमापन यामुळे निरुपयोगी ठरले असे नव्हे. त्याचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही. १९१२ च्या निरीक्षकाला धूर पाहण्यासाठी गिरणीच्या फाटकातून आत जाण्याची गरज नव्हती. रस्त्यावर उभे राहून, मालकाला न विचारता, तो नोंद घेऊ शकत असे, आणि त्याची नोंद खोटी असल्यास शेजारी उभा असलेला कोणीही माणूस तसे म्हणू शकत असे. मापन डोळ्याकडून यंत्राकडे गेले तेव्हा अचूकता वाढली, पण यंत्र धुराड्याच्या आत गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यांवर सतत नोंद घेणारी यंत्रे बसविण्याचा आदेश दिला. औष्णिक केंद्रे व तांब्याचे कारखाने या सतरांत येतात. यंत्र बसवितो व सांभाळतो तो कारखाना. आकडे जातात ते मंडळाकडे. त्यात सल्फर डायऑक्साइडचा आकडा असतो, जो रिंगेलमनच्या पत्रकाला कधीच सांगता आला नसता. तो पडताळून पाहण्यासाठी जयगडच्या बागाईतदाराला कुंपणाबाहेर उभे राहून वापरता येईल असे कोणतेही पत्रक मात्र अद्याप कोणी छापलेले नाही.